नवतप्यातली झोप

रोहिणी नक्षत्र लागलं आणि नवतपा, म्हणजे वर्षातले सगळ्यात तापलेले ते नऊ दिवस, सुरू झाला, हे मला पंचांग सांगत नाही. आमच्या फाटकाजवळचं कुत्रं सांगतं. एरवी ते सावलीत झोपतं. नवतप्यात ते सावलीलाच हुसकून लावतं, कारण ती त्याच्यापेक्षा जास्त तापलेली असते. बाहेरगावच्या माणसाला ही थाप वाटते. मग मी त्याला आमच्या उमेदीच्या काळातला उन्हाळा सांगतो. तेव्हा टेलिफोनच्या तारा उन्हानं इतक्या लोंबायच्या, की सायकलवाल्याला मान वाकवून जावं लागे. फायदा एवढाच, की ट्रंककॉल चटकन लागायचे, शब्दांना उतार मिळायचा ना! एकदा नागपुरात सदरच्या रस्त्यावर माझी चप्पल डांबरात रुतली. तिघांनी मिळून उपटली, तर तिच्याखालून आणखी एक चप्पल निघाली. तीही माझीच होती, आदल्या उन्हाळ्यातली.

अशा गोष्टी सांगत मी जन्म काढला. धंदा मात्र ऐकण्याचा. मी मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे आमच्या भागातल्या साध्या भाषेत 'येड्याचा डॉक्टर'. बोलणारा माणूस ऐकण्याच्या धंद्यात कसा शिरला, हे माझ्या बायकोला, मालतीला, लग्नापासून पडलेलं कोडं आहे.

परवा एका तरुण डॉक्टरीणबाईंचा फोन आला. माझ्या विद्यार्थ्याची विद्यार्थिनी, म्हणजे नात्यानं नातच. म्हणाली, "सर, आमच्या तरुण मानसोपचारतज्ज्ञांची एक बैठक आहे. विषय बर्नआउट. तुम्ही बोलाल का?"

मी म्हटलं, "अगं, आमच्या वेळी असलं काही नव्हतं."

"नव्हतं, सर? की त्याला नाव नव्हतं?"

पोरगी हुशार. मी तिला चपलेची गोष्ट सांगितली. ती हसली, मी फोन ठेवला आणि कूलरसमोर जाऊन बसलो. कूलरला या वर्षी मालतीनं हट्टानं खसच्या ताट्या लावून घेतल्यात. पाणी सुटलं, ओल्या वाळ्याचा वास आला आणि त्या वासामागून एक अख्खा उन्हाळा घरात शिरला. चपलांसकट.

एकोणीसशे सत्तरच्या दशकातली ती वर्षं. मी ज्या धर्मादाय इस्पितळात होतो त्याचं नाव सांगत नाही. ते आता राहिलंही नाही, त्या जागी मोटारींचं शोरूम आहे आणि माझ्या ओपीडीच्या खुर्चीच्या जागी एक लाल गाडी फिरत्या चकतीवर दिवसभर गरगरत असते. माझ्या वेळी तिथे बसणाऱ्याचं डोकं गरगरायचं, एवढाच फरक. मानसिक आजारांचा वॉर्ड मागच्या बाजूला होता. एकीकडे बायका, दुसरीकडे पुरुष, मध्ये कवेलूंचा, म्हणजे कौलांचा, लांब वऱ्हांडा. वऱ्हांड्याला खसच्या ताट्या, त्यांवर पाणी मारायला एक झारी, आणि कोपऱ्यात ओल्या वाळूवर दोन माठ.

उन्हाळा हा आमचा सीझन. संत्र्याच्या व्यापाऱ्याला मोसम असतो, तसा आम्हालाही असतो. ऊन चढलं की काही डोकी चढतात, झोपा उडतात, माणसं दिवसाला चौदा योजना आखतात आणि चौदाही अमलात आणायला निघतात. नागपुरात तेव्हा आमच्यासारखे डॉक्टर हाताच्या बोटांवर, आणि त्यातली काही बोटंसुद्धा उन्हाळ्यात थंड हवेच्या गावी जाणारी. त्यामुळे वऱ्हाडापासून छत्तीसगडापर्यंतची समस्त पेटलेली डोकी एकट्या माझ्या टेबलावर येऊन विझायची, असं मी सांगत असतो. ही थाप आहे. पण बेतानं मारलेली.

दुपारी ओपीडी आटोपली की मी वऱ्हांड्यात यायचो. पेशंट माझी वाट पाहत बसलेले असत. औषधासाठी नव्हे, थापेसाठी. मी स्टुलावर बसायचो आणि सुरू करायचो. माझ्या एका मामाला उन्हाळ्यात इतका घाम यायचा की मामी त्याला तुळशीवृंदावनाजवळ उभा करायची, वेगळं पाणी घालायला नको. अशी एक गोष्ट झाली की महिना महिना तोंड न उघडणारा माणूसही म्हणायचा, "साहेब, हे मात्र खोटं हाये." मला तेच हवं असायचं. खरं काय आणि खोटं काय ते त्यांना कळत होतं, याचा तो दाखला. वैद्यकशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकात ही तपासणी सापडणार नाही. मीच शोधून काढलेली, आणि माझ्याबरोबरच जाणार.

खापरखेड्याच्या पॉवर हाउसमधले वानखेडे या मैफलीचे अध्यक्ष. शिफ्टमधला माणूस, आवाज बॉयलरवरून ऐकू जाईल असा. ते दाखल झाले तेव्हा सगळ्या विदर्भाला फुकट वीज द्यायला निघाले होते. आता गोळ्यांनी खाली आले होते आणि घरी जायच्या बेतात होते. माझी थाप संपली की ते निकाल द्यायचे. "पास!" किंवा, "साहेब, आजची थाप लो व्होल्टेज हाये."

त्या उन्हाळ्यात माझी वीज कुठे गेली, ते मला आजही नेमकं सांगता येत नाही. एखाद्या दिवशी धाडकन काही झालं असतं तर बरं झालं असतं, गोष्ट तरी झाली असती. तसं काही झालं नाही. चैत्रात कधीतरी माझ्या लक्षात आलं, की समोरचा माणूस बोलतोय आणि मला ते दोन स्टेशनांच्या मधे अडकलेल्या रेडिओसारखं ऐकू येतंय. खरखर, मधेच एखादा शब्द, पुन्हा खरखर. माझी मान मात्र बरोबर जागी हलायची. 'हं' बरोबर जागी यायचा. ही आमच्या धंद्यातली कमाई आहे. सुताराचा हात जसा त्याच्या नकळत रंधा मारतो, तसा आमचा 'हं' आमच्या नकळत निघतो. आई गेलेल्या मुलाला मी 'हं' म्हटलं आणि त्याच सुरात शिपायाच्या रजेलाही 'हं' म्हटलं.

मग सकाळी फाटकाशी स्कूटर थांबायला लागली. म्हणजे मी थांबवायचो. कडुनिंबाखाली इंजिन चालू ठेवून बसून राहायचो. आत जायचं, एवढंच काम. पाय जमिनीला टेकलेले, ऊन खांद्यावर चढत चाललेलं, आणि मी कुणीतरी मागून हॉर्न वाजवेल याची वाट पाहत बसलेला. घरी यायचो तेव्हा मालतीनं विचारलेल्या साध्या प्रश्नाचाही राग यायचा. भाजीत मीठ आहे का, या प्रश्नाला मी एकदा असं उत्तर दिलं की ती ताट तसंच ठेवून उठून गेली.

दोन दिवसांनी तिनंच विषय काढला. पोळपाट मांडता मांडता, माझ्याकडे न बघता.

"अहो, एक विचारू? तुम्ही आजारी आहात का?"

"मी? मी डॉक्टर आहे."

"ते ठाऊक आहे. पण महिना होत आला, तुम्ही एकही थाप मारली नाहीत. काल शेजारचे भाऊजी म्हणाले, 'वहिनी, डॉक्टरसाहेब हल्ली खरं बोलून राहिले, सगळं ठीक आहे ना?'"

मी हसलो. तेवढं हसू आणायला मला केवढे कष्ट पडले ते तिला दिसलं असणार, कारण तिनं पुढं काही विचारलं नाही. माझ्या जन्मात माझ्या आजाराचं एवढं अचूक निदान कुणी केलं नाही, आणि ते मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

वऱ्हांड्यातली मैफल तर केव्हाच बंद पडली होती. मी ओपीडीतून निघून थेट वॉर्डात राउंड घ्यायचो, भरभर, पंख्याखालून पंख्याखाली. आणि नेमका त्याच सुमाराला एक चमत्कार झाला. वॉर्ड सुधारायला लागला.

हो, सुधारायला लागला. जिथे दर खाटेशी मला अर्धा अर्धा तास धरून ठेवत, तिथे एकेक जण म्हणायला लागला, "बरं आहे जी." झोप? "लागते जी." मनात काही वाईटवाकडं? "नाई जी." रोज दोघं-तिघं तेवढे रडायचे, कण्हायचे, काय काय सांगायचे. बाकीचे सगळे बरे. दुसऱ्या दिवशी रडणारे वेगळे. मला यात काही वावगं दिसलं नाही. उलट मी मनातल्या मनात शास्त्रीय कारणं जुळवली. नवी औषधं लागू पडली, मात्रा जमली, माझा हातगुणच तसा. थापा बंद झाल्या असं कोण म्हणतं? माझ्या डोक्यात त्या चालूच होत्या, फक्त ऐकणारा एकटा मी होतो.

त्या 'बरं आहे जी'मध्ये केवढा गारवा होता, ते कसं सांगू? नवतप्यातल्या दुपारी माठात हात घालावा तसा. मी त्याची वाट बघायला लागलो. ज्याच्या चेहऱ्यावरून तो बरं नाही म्हणेल असं वाटे, त्याच्या चेहऱ्याकडे मी बघेनासा झालो.

शेवंताबाई त्याच वॉर्डात होत्या. काटोलच्या रस्त्यावरच्या एका गावच्या. पन्नाशीच्या, अंगानं वाळक्या, डोक्यावरचा पदर कधी ढळू न देणाऱ्या. घरची संत्र्याची लहानशी बाग. नवरा मागेच वारला. मुलगा प्रभाकर हिंगण्याला कारखान्यात, सून घरी. कशाची कमी नव्हती. पण त्यांची झोप गेली होती, भूक गेली होती आणि आपण घरावर ओझं झालो, हे एकच वाक्य आत राहिलं होतं. एके पहाटे सुनेनं त्यांना विहिरीच्या काठावरून हाताला धरून मागं आणलं होतं, म्हणून त्या माझ्याकडे होत्या.

नवतपा लागला त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या खाटेशी उभा राहिलो.

"काय शेवंताबाई, कसं वाटतं?"

"बरं हाये जी."

"झोप येते?"

"येते नं जी."

मी खाटेकडे पाहिलं. चादर अशी ताणलेली, की एक सुरकुती नव्हती. मी सिस्टरला म्हटलं, "बघा, माणूस बरा झाला की पहिल्यांदा अंथरूण नीट करतो!" शेवंताबाई जरा हसल्या. ज्या चादरीवर रात्रभर कुणी आडवं झालेलं नसतं, तिलाही सुरकुती पडत नाही, हे कळायला मानसोपचारतज्ज्ञ असावं लागत नाही. डोळे उघडे असले म्हणजे पुरतं.

मी त्यांना घरी सोडलं. प्रभाकर कारखान्याच्या खाकी कपड्यांतच आला होता, शिफ्ट संपवून. माझे पाय धरायला वाकला. मी त्याला धरू दिले.

दुसऱ्या दिवशी राउंड संपवून मी वऱ्हांड्यात आलो. किती दिवसांनी आलो होतो! कारण मी खूष होतो. वानखेडे माठाजवळ बसले होते. मी म्हटलं, "काय वानखेडे, या उन्हाळ्यात आपला वॉर्ड म्हणजे सगळ्या महाराष्ट्रात पहिला. सगळे बरे! तुम्हालाही परवा सोडतो."

वानखेडे हसले नाहीत. म्हणाले, "साहेब, शेवंताबाई कुठं गेली?"

"घरी. काल सोडलं."

ते उभेच राहिले. "घरी? साहेब, पण तिचा त नंबरच नाही लागला."

"कसला नंबर?"

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. मग बॉयलरवाला आवाज जमेल तितका लहान करून सांगायला लागले. "साहेब, रागावू नोका. तुमी येऊन राहिले वॉर्डात, पण येऊन बी नाही येऊन राहिले. थाप नाही, हसनं नाही. मी म्हटलं, साहेबावर लोड लय झाला. आमच्या पॉवर हाउसमंदी लोड लय झाला की एखादी लाइन बंद ठेवा लागते, नाहीतं सारंच ट्रिप होते. मंग आमी सांजच्याले इथं बसून ठरवलं. रोज दोघातिघाईनंच रडाचं. बाकीच्याईनं बरं हाये म्हणाचं. नंबरानं."

"सगळ्यांनी ऐकलं?"

"ऐकलं नं! दिवसभर रडनाऱ्या थ्या कोपऱ्यातल्या पोरीनंबी ऐकलं. सारे म्हणे, साहेब आपल्यासाठी येवढं करते, आपनबी साहेबासाठी करू."

मी त्या स्टुलावर बसलो. वेड्यांचा वॉर्ड म्हणतात त्याला. त्यांनी मिळून एका डॉक्टरची काळजी घ्यायची ठरवली होती. माझ्या दुखण्याचा इलाज करत होते बिचारे, स्वतःची दुखणी गिळून. आणि मी, उभ्या नागपुरातला पट्टीचा थापाड्या, 'बरं आहे जी' या तीन शब्दांच्या थापेला फसलो होतो. फसलो कसला? मला फसायचंच होतं.

"आणि शेवंताबाई?"

"तिचा नंबर आला की थे तो दुसऱ्याले देऊन टाके. म्हने, माह्यं काय मोठं हाये, त्या पोरीले बोलू द्या. साहेब…" वानखेड्यांचा चेहरा उतरला. "थे झोपत नोहती, साहेब. मले वाटलं, तुमाले मालूम हाये."

नवतप्यात भर दुपारी काटोलच्या रस्त्याला जाणं म्हणजे काय, हे मी एरवी तीन रात्री पुरेल इतकं रंगवून सांगतो. एस्टीच्या खिडकीची दांडी धरली तर हातावर तिकिटाचा नंबर उमटतो, वगैरे. मालतीनं सकाळीच खिशात कांदा कोंबला होता, ऊन लागू नये म्हणून. फाट्यावर उतरून गावापर्यंत चालत पोचलो तोवर तो शिजला होता, नुसतं मीठ लावायचं बाकी. हे सगळं मी सांगतो. एक सांगत नाही. वाटेवर दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा होत्या, पावसाळी बहरासाठी पाणी तोडलेल्या. पानं मान टाकून लोंबत होती, जमिनीला भेगा गेल्या होत्या. एखादा लेखक इथे लगेच उपमा देईल. मला त्या वेळी उपमा सुचत नव्हती. मला प्रत्येक बागेत विहीर दिसत होती.

शेवंताबाईंचं घर गावाच्या टोकाला. अंगणात विहीर होती. तिच्यावर पत्रा टाकून वर दगड ठेवलेले होते. ते दगड मोजत मी दारापर्यंत गेलो. दारात सून उभी होती. मी कोण ते सांगितल्यावर तिनं आत पाहिलं आणि हळूच म्हणाली, "बरं झालं आले, साहेब. सासूबाई रातभर आंगणात फिरून राहिल्या. आमच्या यायनं विहिरीवर पत्रा टाकला, मी दाराशी आडवी झोपली. मले लय भेव लागते जी."

तेवढ्यात आतून शेवंताबाई आल्या. जिवंत. डोक्यावर पदर, डोळ्यांखाली काळे खड्डे.

"अवं माय! साहेब?" त्यांनी कपाळाला हात लावला. "काहून आले जी इतक्या उन्हात? पोरीऽ, पानी आन वं!"

मी वाटेनं एक भाषण तयार केलं होतं. क्षमा कशी मागायची, मग प्रश्न कोणत्या क्रमानं विचारायचे, सगळं. मी तोंड उघडलं. "शेवंताबाई, खरं सांगा, तुम्हाला…" एवढंच आठवतं. अंगण एका बाजूनं उचललं गेल्यासारखं वाटलं. मग बाज, अंगावर ओला पंचा, ओठाशी पन्ह्याचा पेला, आणि शेवंताबाईंचा आवाज, "बोलू नोका. पह्यले प्या."

मी म्हटलं, "मी तुम्हाला बघायला आलो."

"पाहा नं मंग. मी कुठं चालली? उलीसे पडा अन् पाहा."

त्यांनी पंखा हातात घेतला. कवेलूंच्या फटीतून उन्हाचे कवडसे जमिनीवर पडले होते आणि पंख्याच्या सावलीनं ते विझत होते, पेटत होते. मी डोळे मिटले ते फक्त क्षणभर, नीट शब्द जुळवायला.

आणि मी झोपलो.

ज्या बाईला तिच्या निद्रानाशासकट मी घरी पाठवलं, जिच्यासाठी जीव मुठीत धरून आलो, तिच्याच बाजेवर, तिच्याच घरात मी झोपलो. साधासुधा नाही. घोरलो. सून नंतर सांगत होती की शेजारची म्हैस दचकून उठली, आणि ती काही माझ्यासारखी वाढवून सांगणारी नव्हती. कित्येक महिन्यांत मला तशी झोप लागली नव्हती. त्यानंतरही कधी लागली नाही. लाज वाटते सांगायला, पण ती माझ्या आयुष्यातली सगळ्यात गोड झोप होती.

जाग आली तेव्हा ऊन कलंडलं होतं. अंगणात पिवळा उजेड. शेवंताबाई उशाशी तशाच बसलेल्या.

मी धडपडून उठलो. "मला उठवायचं नाही का?"

त्या म्हणाल्या, "काहून उठवू जी? मले त येत नाही झोप. म्हटलं, घरात कोनाले त येऊन राहिली."

शिकलेलं सगळं जागच्या जागी वाळून गेलं. मी म्हटलं, "शेवंताबाई, मी बरा नाही. बरेच दिवस झाले." हे मी तोवर कुणाला म्हटलं नव्हतं. मालतीलाही नाही. त्यांनी मान हलवली, जसं काही हे गावाला माहीत होतं. मी 'हं'सुद्धा म्हटलं नाही. आणि मग त्या बोलायला लागल्या. हळूहळू, जमिनीकडे पाहत. काय बोलल्या ते इथं लिहिणार नाही, ते त्यांचं आहे. मला शब्दन् शब्द ऐकू येत होता, एवढंच सांगतो.

संध्याकाळच्या एस्टीनं त्या माझ्याबरोबर परत आल्या. सूनही आली. दुसऱ्या दिवशी मी आमच्या मोठ्या डॉक्टरांपुढे उभा राहून सगळं सांगितलं. ते म्हणाले, "रजेवर जा." मी म्हटलं, "सीझन आहे, सर." ते म्हणाले, "म्हणूनच जा." वॉर्ड त्यांनी आपल्या अंगावर घेतला. शेवंताबाईंना नीट औषधं मिळाली, नीट लक्ष मिळालं. झोप परत यायला बरेच दिवस लागले, पण आली. पुढं त्या नातवंडांवर ओरडण्याइतक्या बऱ्या झाल्या, असं प्रभाकरनं सांगितलं. वानखेडे कामावर रुजू झाले. मी चिखलदऱ्याला मालतीच्या एका मावशीकडे महिनाभर राहिलो, गार वाऱ्यात, आणि मला तिथं रोज वाटायचं की मी कुणाचा तरी नंबर घेऊन आलोय.

वर्षानुवर्षं ही हकिगत मी लग्नसमारंभांत, निरोप समारंभांत, कॉलेजच्या वर्गांत सांगत आलो आहे. लोक फार हळहळून ऐकतात. त्या आवृत्तीत मी उन्हातून धावत जातो, कांदा शिजतो, विहिरीवरचा पत्रा येतो. आणि त्या आवृत्तीत बाजेवर शेवंताबाई झोपलेल्या असतात. मी उशाशी बसून त्यांना वारा घालतो. ही थाप कुणी कधी पकडली नाही. 'साहेब, हे मात्र खोटं हाये' असं म्हणणारं कुणी त्या सभागृहांत नव्हतं.

त्या डॉक्टरीणबाईंना मी होकार कळवलाय. त्यांच्यासमोर ही गोष्ट सांगायची झाली तर आता पहिल्यांदा खरी सांगावी लागेल, आणि मला भीती अशी वाटते, की खरी सांगताना मी नेमक्या एका जागी अडखळेन. लोक विचारतील, पुढं काय? आणि मी त्यांना पुढचं नाही, मागचंच सांगत बसेन. डोळे मिटताना मी पाहिलं होतं, पंखा शेवंताबाईंच्या उजव्या हातात होता. जाग आली तेव्हा तो डाव्या हातात हलत होता, आणि उजवा हात त्यांनी मांडीवर उताणा टाकलेला होता.